धाब्यावर आलेलं पाणी

होळीची राख गार झाली की माझे पाय घरात ठरत नाहीत. सुना आपसात म्हणतात, आबांना परत भिंगरी लागली. लागली तर लागली. सकाळचा चहा पोटात गेला की काठी उचलतो आणि मळ्यात जातो, मळ्यातून नदीवर, नदीवरून पुन्हा मळ्यात. दुपारी कडुनिंबाखाली टेकलो तरी पायाची बोटं आपली हलतच असतात. पश्चिमेचा वारा सुटलेला असतो. त्यात निंबाच्या मोहोराचा कडू-गोड वास, गव्हाच्या भुशाची धूळ, आणि कुणाच्या तरी धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, वाळणाऱ्या मिरच्यांचा ठसका. हा ठसका नाकात गेला की माझं वय गळून पडतं. मी बावीस-तेवीसचा होतो आणि डोळ्यांत लाल पाणी उतरतं.

आता पोरगा बटण दाबतो आणि पाणी येतं. मोटर कुठे आहे विचारलं तर म्हणतो, खाली, बोअरमध्ये, पाण्यातच बुडवलेली. मी म्हणतो, पाण्यातच का बुडवली? तो म्हणतो, आबा, तशीच असते ती. तशीच असते! जणू आईच्या पोटातून तशीच आली. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण मोटर पाण्यात का बुडवतात हे मला त्याच्या आधीपासून माहीत आहे, आणि ते मला कुठल्या मास्तराने शिकवलेलं नाही.

तापी आमच्या गावापाशी फार खोल वाहते. प्रकाशाकडे घाटावर तिची भेट सोपी, आमच्याकडे काठ उभाच्या उभा, ताडाच्या झाडाएवढा. वर काळीभोर जमीन, खाली मे महिन्यातही न आटणारा डोह. बायका पायवाटेने हंडे घेऊन उतरायच्या आणि चढताना अर्ध्यात थांबून नदीला शिव्या द्यायच्या, मग लगेच कानाला हात लावून माफी मागायच्या. शेताला मात्र विहिरीचं पाणी. विहिरीवर मोट, मोटेला माझा बाप, आणि बापापुढे हौश्या आणि नखऱ्या ही बैलजोडी. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की गाव जागं व्हायचं. भरलेली मोट ओढताना बैल उतारावरून पुढे जायचे, रिकामी मोट खाली सोडताना तेच बैल त्याच वाटेने मागे मागे चढायचे. ते उलटं चालणं सगळ्या बैलांना जमत नाही. बापाच्या बैलांना जमायचं. तो त्यांना दोर ओढून मागे आणत नसे. नुसता जिभेने टक् करायचा.

त्या साली आश्विनात मी केळी लावली. विहिरीला जेवढी झेपतील त्याच्या दुप्पट. बाप म्हणाला, "पुंजू, इतलं पानी कठे शे?"

मी नदीकडे बोट केलं.

बाप हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तापी कव्हय वर चढनी का रे? मन्हा बापनी नही देखी, त्याना बापनी नही देखी."

मी म्हणालो, "तुम्ही देखशात."

बोललो खरा. माझा स्वभाव असाच, तोंडातून निघालेलं परत गिळता येत नाही. कार्तिक-मार्गशीर्ष बरे गेले. पौषात केळी कमरेला आली. माघात विहिरीचा तळ दिसायला लागला. मोट अर्धी भरायची, मग पाव, मग नुसता गाळ. हौश्या-नखऱ्या थोड्याशा पाण्यासाठी दिवसभर त्या उतारावर खाली-वर करायचे. त्यांच्या खांद्यावरची कातडी सोलवटली. बाप संध्याकाळी हळद-तेल लावायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. दुपारी केळीची पानं दोन्ही बाजूंनी मिटायची, शेत हात जोडून उभं असल्यासारखं दिसायचं.

फाल्गुनात एके दिवशी बापाने बैल सोडले आणि विळा दाराच्या वर खोचला. म्हणाला, "पाडवालोंग वाट देखसू. मंग विळा लावसू आनि केयी बईलेस्ले टाकसू. झाडेस्करता बईल नही मारसू मी."

शब्दाला शब्द. पाडव्यापर्यंत पाणी नाही तर केळी कापून बैलांपुढे, हा त्याचा; तापी वर आणीन, हा माझा. आमच्या घरात दोघांचीही तीच खोड.

मी शहाद्याला गेलो. तिथल्या एका कापसाच्या जिनात जुनं इंजिन बाद करून कोपऱ्यात टाकलेलं होतं, त्याच्याबरोबर पाण्याचा पंप आणि नळ. शेटला जागा मोकळी हवी होती, म्हणाला, उचलून न्यायचं तर ने. ते इंजिन चालवणारा युसूफ मिस्त्री नंदुरबारचा. तीन पिढ्या लोखंडात गेलेलं घर. मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान, आणि बोलणं असं की इंजिन त्याच्या मांडीवरच वाढलं आहे. "पुंजूभाई," तो म्हणाला, "इस मशीन को मैं जानता हूँ, मुझे मशीन जानती है. तुम्हारी तापी को मैं तुम्हारे चूल्हे तक लाऊँगा." मला असाच माणूस हवा होता. दोन बैलगाड्यांत लोखंड भरून आम्ही आलो तेव्हा गावातली पोरं-टोरं वेशीपासून मागे धावत होती.

काठावर बाभळीखाली इंजिन बसवलं. शेजारी पंप, दोघांना जोडणारा चामडी पट्टा, आणि पंपापासून नळ थेट खाली डोहात. मिस्त्रीने इंजिनाचं डोकं रॉकेलच्या दिव्याने लालभडक तापवलं, मोठं चाक झुलवलं, आणि पुक... पुक... पुक-पुक-पुक. गावाने असा आवाज कधी ऐकला नव्हता. कुत्री पळाली. एका म्हातारीने इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली.

पट्टा फिरला. पंप फिरला. पंपाच्या तोंडातून घोटभर पाणी ओकल्यासारखं पडलं, तेही पंप ओला करायला आम्हीच वरून ओतलेलं. मग काही नाही. नुसता फुसफुसणारा वारा.

मिस्त्री म्हणाला, कुठून तरी हवा जाते आहे. सांध्यांना कणीक लावली. कणकेवर शेण लावलं. शेणावर चिंध्या गुंडाळल्या. चांभाराकडून चामड्याच्या नव्या चकत्या आणल्या. पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा चाक झुलवलं. पुक-पुक-पुक, घोटभर पाणी, आणि वारा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बघायला येणाऱ्यांनी सोबत चणे-फुटाणे आणले.

"पुंज्या, तुन्हं इंजिन पानी काढस का धूर पेस?"

"अरे, नदीले सुपारी दिधी का तुनी? बिगर आवतनं कशी येई ती?"

मिस्त्री घामाघूम होऊन ओरडला, "पानी आएगा! पानी का बाप भी आएगा!"

गर्दीच्या मागून माझा बाप शांतपणे म्हणाला, "बाप ते कव्हयना ऊना, मिस्तरी. पानी कठे शे?"

बाप खरंच केव्हाचाच येऊन उभा होता. सगळा काठ हसला. मीही हसलो असतो, बाप दुसऱ्याचा असता तर.

आज विचार करतो तेव्हा मला आमची चूक स्वच्छ दिसते. ती मोट हाकणाऱ्या माणसांचीच चूक होती, दुसरं कुणी ती केली नसती. पिढ्यानपिढ्या आम्ही एकच बघत आलो होतो: पाणी खाली, बैल वर, माणूस वर, आणि वरून ओढायचं. इंजिन म्हणजे आमच्या लेखी लोखंडाचा बैल. बैल कुणी विहिरीत उतरवतं का? म्हणून त्यालाही आम्ही वर उभं केलं आणि सांगितलं, ओढ. आणि मिस्त्रीने जन्मभर पंप चालवला तो जिनाच्या हौदाला लागून. हात बुडवला की पाणी. त्याला खोलीचा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आम्ही दोघं आपापल्या जागी हुशार, आणि दोघांच्या हुशारीच्या मधे तापी खाली आरामात वाहत होती.

रंगपंचमीला मी धाब्यावर जाऊन बसलो. तिथे मिरच्या वाळत घातलेल्या. खाली गल्लीत रंग चाललेला, ढोल वाजत होता, आणि मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. पाडवा तोंडावर आला होता. तिथून माझी केळी दिसत होती, पानं मिटलेली. मी मिरच्यांच्या कडेला पडून राहिलो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरच्यांमुळे, असं मी तेव्हाही म्हणालो असतो आणि आजही म्हणतो.

अंगणातून वहिनीचा आवाज आला. माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ सुरतेला गिरणीत, ती इथे, आणि दिराला रंगवल्याशिवाय तिची पंचमी व्हायची नाही.

"भाऊजी! खाले उतरा!"

"नही उतरत."

"नही उतरत? देखा मंग."

आणि सप्प करून पळसफुलांच्या रंगाचं पाणी माझ्या तोंडावर आदळलं. नाकात, कानात, उघड्या तोंडात. मी तिरमिरून उठलो. शिवी ओठांवर आली होती. कठड्यावरून खाली बघितलं तर ती अंगणात उभी, हातात बांबूची पिचकारी, पायाशी बादली, आणि पोट धरून हसत होती.

शिवी तोंडातच राहिली. मी बादलीकडे बघितलं. मग धाब्याच्या उंचीकडे. मग माझ्या अंगावरून निथळणाऱ्या पाण्याकडे. हे पाणी वर कसं आलं?

"वहिनी, आखो मार."

"काय?"

"आखो, परत मार! वर! जितलं जोर शे तितलं!"

तिला वाटलं, उन्हाने दिराचं डोकं फिरलं. पण पंचमीला असा दीर कुणाला मिळतो? तिने मारली. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं, निंबाच्या फांदीला लागलं, आणि मिरच्यांवर पडलं. "मन्ह्या मिरच्या!" ती किंचाळली, आणि तोवर मी शिडीवरून अर्धा खाली आलो होतो.

पिचकारी तिच्या हातातून घेतली आणि पुन्हा वर चढलो. धाब्याच्या कडेला पालथा पडलो, पिचकारीचं तोंड खाली बादलीकडे धरलं आणि दट्ट्या ओढला. हवा आली. येणारच. कुठलंही पोर सांगेल, पिचकारी बादलीत बुडवल्याशिवाय भरत नाही. मग मी काठावर तीन दिवस काय करत होतो? नळ लांब लावला म्हणून तो वेगळा होतो का? पाण्याला ओढून आणायचं तर जवळ जावं लागतं. लांबून ओढलं की अर्ध्या वाटेत ते स्वतःच्याच वजनाने तुटतं, खोल विहिरीत मोटेचा दोर तुटतो तसं. पण खालून मागे रेटा दिला तर तेच पाणी घरावरून जातं.

त्या वेळी मला जे झालं ते कसं सांगू. अंगावर काटा आला, ओल्या अंगावर. गल्लीतला ढोल एकदम लांब गेला. जग तेच होतं, बादली, बांबू, वहिनी, निंब, पण त्याच्या आतली एक खीळ निघाली आणि सगळं नव्याने फिरायला लागलं. ही गोष्ट रोज माझ्या डोळ्यांपुढे होती. दर पंचमीला होती. माझ्या पणजोबांच्या अंगावरही कुणीतरी असंच पाणी मारलं असेल. ते ओले झाले आणि घरात गेले.

मी धावत मिस्त्रीकडे गेलो. तो ओसरीवर वळकटी बांधत होता, नंदुरबारला परत निघाला होता. मी म्हणालो, पंप खाली न्यायचा. पाण्यापाशी.

"नदी में? मशीन?" त्याने पान थुंकलं. "पुंजूभाई, भांग पी है क्या?"

मी पिचकारी त्याच्या हातात दिली आणि बादली पुढे सरकवली. त्याने माझ्याकडे बघितलं, पिचकारीकडे बघितलं. भरली. मारली. पाणी ओसरीवरून गोठ्यावर गेलं. पुन्हा भरली. या वेळी तो दट्ट्या हळू ढकलत राहिला आणि धार बघत राहिला. मग वळकटी सोडली. "या अल्लाह," तो म्हणाला, "बच्चों का खिलौना और मैं बीस साल का उस्ताद." आणि हसायला लागला. त्या हसण्यात लाज नव्हती. त्याचेही हात शिवशिवत होते, मला दिसत होते.

काठाच्या पोटात, पाण्याच्या थोडं वर, आम्ही एक ओटा खोदला. माती मऊ होती, पण चढणं-उतरणं जिवावर यायचं. ओटा झाला. पट्टा आखूड, म्हणून पंपाबरोबर इंजिनही उतरवायचं होतं. गावातली दहा-बारा माणसं दोर धरायला आली, चणे-फुटाणे खाणारीच. बाप लांब बाभळीला टेकून बघत होता. तापीमायच्या पोटात लोखंड आणि तेल, हे त्याला आवडलेलं नव्हतं. तसं तो बोललाही होता. पण आम्ही इंजिनाला दोर बांधायला लागलो आणि त्याला राहवेना.

"हाई काय गाठ शे का वेनी शे?" तो पुढे आला. "सोडा! सोडा म्हनस ना. मानसे नही धरू शकाऊत हाई वजन. एक जन खोकलना का इंजिन डोहमा."

"मंग काय करवा?" मी म्हणालो.

तो घरी गेला आणि हौश्या-नखऱ्याला घेऊन आला.

मोटेचे सगळे जुने दोर एकत्र वळले. दोराला बाभळीच्या बुंध्याभोवती वेढा दिला. एक टोक इंजिनाला, दुसरं बैलांच्या जुवाला. आणि मग बैलांना मागे चालायचं होतं, काठाकडे, न दिसणाऱ्या कड्याकडे पाठ करून, एवढं ओझं तोलत. बाप त्यांच्या समोर उभा राहिला. एक हात हौश्याच्या कपाळावर, एक नखऱ्याच्या. दोराला हात नाही, काठी नाही.

टक्.

बैल एक पाऊल मागे आले. इंजिन कड्यावरून खाली लोंबलं. बाभळीची साल करकरली.

"मांगे, मन्हा भाऊ. मांगे. हयू." टक्.

खालून मिस्त्री ओरडत होता, "आहिस्ता! आहिस्ता!" बाप ऐकतच नव्हता. त्याचं तोंड बैलांच्या तोंडाशी होतं, त्यांचा श्वास त्याच्या छातीवर येत होता. हौश्याचा मागचा खूर कड्याच्या इतका जवळ गेला की माती सुटून खाली गेली. मी डोळे मिटले. टक् ऐकू आलं नाही. बराच वेळ आलं नाही. मग खालून मिस्त्रीचा आवाज: "बैठ गई! बैठ गई, चाचा!"

बाप बैलांच्या मानेला मान लावून उभा होता. दोन्ही बैल थरथरत होते. तोही.

रेटणारा नळ वर चढवायला, सांधे बसवायला पाडव्याची सकाळ उजाडली. मी केळीच्या बांधावर उभा होतो. घराघरांवर गुढ्या उभ्या राहत होत्या. बाप आला. हातात विळा. शब्दाला शब्द. माझ्याकडे न बघता तो पहिल्या ओळीशी जाऊन उभा राहिला.

काठाखालून आवाज आला. पुक. पुक. पुक-पुक-पुक. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. नळाच्या तोंडातून वारा सुटला, धूळ उडाली. पुन्हा वाराच. मग नळ थरथरला, खाकरला, गाळ थुंकला, आणि माणसाच्या मांडीएवढी धार पाटात कोसळली. पाणी कोरड्या पाटात भुसभुशीत मातीवरून सरकत होतं, पुढे फेसाची आणि काटक्यांची किनार, ढेकळं पाणी पिताना चर्र आवाज करत होती. ते माझ्या पायांवरून गेलं. डोहाचं गार पाणी, चैत्राच्या उन्हात. तापी वर आली होती.

बाप वाकला. विळा चालवला. त्याने एक पान कापलं. एकच. विळा कमरेला खोचला.

"बोलना व्हतू," तो म्हणाला. "विळा लावा."

एका पानापुरता का होईना, शब्द पाळला होता. त्या पानावर त्याने पाडव्याचा नैवेद्य वाढला, पाटाच्या तोंडाशी पाण्यापुढे ठेवला, आणि हात जोडले. मग ओंजळ भरून पाणी प्यायला. नदीवर जन्म गेलेला माणूस, पण असा प्यायला जणू चव आजच कळली.

मी वाट बघत होतो. तो काहीतरी म्हणेल. शाब्बास नको, नुसतं माझं नाव घेतलं तरी चाललं असतं. तो उठला, तोंड पुसलं, आणि उत्तरेकडे वळला. सातपुड्याची निळी ओळ उन्हात हलत होती, मधे तोरणमाळचा माथा. तिकडचे भिल्ल पोरंबाळं घेऊन दर उन्हाळ्यात पाण्यासाठी खाली उतरायचे, आमच्या वेशीवरून जायचे. बापाने बोट वर केलं.

"पुंजू," तो म्हणाला, "तठलोंग चढी का?"

कालपर्यंत तापी काठ चढणार नाही म्हणणारा हा माणूस आता तिला डोंगरावर चढवायला निघाला होता. त्याचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते. ती भिंगरी होती. माझी नव्हतीच ती, त्याचीच मला आली होती, किंवा त्या दिवशी माझी त्याला गेली, मला सांगता येत नाही.

पुढे दर साली पावसाच्या आधी इंजिन वर ओढायचं आणि दिवाळी झाली की खाली उतरवायचं. बैल म्हातारे होईपर्यंत ते काम बापाचंच. युसूफ मिस्त्रीने मग काठावरच्या कितीतरी गावांत पंप खाली बसवले आणि प्रत्येक ठिकाणी आधी बादली-पिचकारी मागवली. वहिनी मरेपर्यंत सांगायची, तापी मी वर आणली, भाऊजींनी नुसत्या मिरच्या भिजवल्या. मी भांडायचो. खरं तर भांडायला जागा नव्हती.

आज परत पंचमी झाली. नातवंडांनी दुकानातल्या पिचकाऱ्यांनी मला ओलं केलं, सून ओरडली, आबांना सर्दी होईल. मी ओल्याच कपड्यांनी काठावर गेलो. तो ओटा अजून आहे, पुरांनी कोपरे खाल्ले आहेत. बाभूळ गेली. खाली डोह आहे, पण पूर्वीसारखा भरलेला नाही. उत्तरेला धुरकट ओळ. तोरणमाळला आता गाड्या चढतात म्हणतात. पाणी चढतं का ते कुणी सांगत नाही.

मी तिथे उभा राहिलो आणि कधी बोट वर केलं ते मला कळलं नाही. मागून नातू आला होता मला शोधत. "आबा, काय देखी ऱ्हायनात?"

मी त्याच्या हातातली पिचकारी मागून घेतली.